हॅम, मंद आच आणि शेवटची पंचवीस मिनिटं

बाजारात मिळणारं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, बहुतेक वेळा आधीच शिजवलेलं असतं. ही साधी गोष्ट मला पहिलं हॅम वाया गेल्यावर कळली.

गेल्या वर्षी नाताळच्या जेवणासाठी मी पहिल्यांदाच हॅम करायला घेतलं. कच्चं मांस भाजतात तसंच हेही भाजायचं, असं मी धरून चाललो होतो. ओव्हन २०० अंशांवर, ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा साखर-मधाचा पाक, पहिल्यापासूनच वर फासलेलं, आणि हॅम उघडंच. पहिल्या तासात घरभर असा वास सुटला की सगळे दोन-दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले. दुसऱ्या तासात तोच वास करपट झाला. बाहेर काढलं तेव्हा वर काळं, कडू कवच होतं आणि आतलं मांस दोऱ्यादोऱ्यांनी सुटत होतं. आमच्या आत्याचे दात आता कमजोर झालेत. तिने एक तुकडा बराच वेळ तोंडात घोळवला, मग बाकीचे हळूच बशीच्या कडेला लावून ठेवले आणि बटाटे मागून घेतले. ती एका शब्दाने काही बोलली नाही. पण कडेला ओळीने लावलेले ते तुकडे वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होते.

यंदा पुन्हा करायचं ठरवलं ते तिच्यासाठीच. माणसं अकरा होती. नोव्हेंबरपासूनच मी वाचायला, विचारायला आणि लिहून ठेवायला लागलो होतो.

ही मांडी मागच्या पायाची. ती आधी खारवतात. कोरडं मीठ चोळून आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवायची, ही जुनी रीत. आता मोठ्या प्रमाणावर मिठाचं पाणी सुयांनी थेट मांसात सोडतात, कारण त्याने काम लवकर होतं. मिठाबरोबर थोडं सोडियम नायट्राइट असतं, आणि हॅमचा तो ओळखीचा गुलाबी रंग त्याचाच. साधं डुकराचं मांस शिजलं की राखाडी-पांढरं होतं. नायट्राइटमुळे मांसातल्या रंगद्रव्याचं रूपच बदलतं, म्हणून हॅम पूर्ण शिजल्यावरही गुलाबी राहतं. याच रंगाने मला गेल्या वर्षी फसवलं होतं. कापून बघितलं, आत गुलाबी दिसलं, वाटलं अजून कच्चं आहे, आणि परत ओव्हनमध्ये घातलं. हॅम शिजलं की नाही हे रंगावरून कळतच नाही. ते लेबलावरून आणि थर्मामीटरवरून कळतं.

लेबल वाचायला मी यंदा शिकलो. पूर्ण शिजवलेलं हॅम वेगळं, खारवलेलं पण खाण्याआधी शिजवावं लागणारं वेगळं, आणि मुळात खारवलेलंच नाही अशी ताजी मांडी वेगळी. तिघांना हॅमच म्हणतात, पण ओव्हनमध्ये तिघांना एकच नियम लागू होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचना मी छापून फ्रीजच्या दारावर लावल्या होत्या. शिजवून कारखान्यातच बंद केलेलं हॅम आतपर्यंत ६० अंश सेल्सिअस गरम झालं की पुरे. पाकीट आधी फोडलेलं असेल किंवा ते दुसरीकडे पुन्हा बांधलेलं असेल तर ७४ अंश. कच्चं असेल तर ६३ अंश आणि वर, ओव्हनबाहेर काढून, किमान तीन मिनिटं विसावा. ओव्हन कुठल्याही हॅमसाठी १६३ अंशांच्या खाली ठेवायचा नाही.

मांसात पाणी किती आहे हेही लेबलावरच लिहिलेलं असतं. अमेरिकी नियमांत नुसतं ‘हॅम’ म्हणायचं तर चरबी वगळून उरलेल्या भागात किमान २०.५ टक्के प्रथिनं हवीत. ‘नैसर्गिक रसासह’ असेल तर १८.५ टक्के, ‘पाणी घातलेलं’ असेल तर १७ टक्के. प्रथिनांचा आकडा जितका खाली, तितकं पाणी जास्त. असं पाणचट हॅम तापवलं की ट्रेमध्ये तळं साचतं आणि सुरीखाली ते स्पंजासारखं दबतं. घ्यायचंच असेल तर पहिल्या प्रकारचं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी हाडासकटचं, अर्धं हॅम घेतलं, चार किलोंचं. हाडासकट असेल तर माणशी साधारण ३५० ग्रॅम धरतात, म्हणजे अकरा जणांना ते बरोबर पुरणार होतं. अर्ध्या हॅमचेही दोन प्रकार असतात. वरचा कमरेकडचा भाग जास्त मांसल असतो, पण त्यात हाडाची ठेवण वेडीवाकडी असल्याने कापताना सुरी अडते. खालच्या, नडगीकडच्या भागात एकच लांब सरळ हाड. मी खालचा घेतला. अकरा जणांसमोर उभं राहून कापायचं होतं आणि त्या वेळी हाडाशी झगडायची माझी तयारी नव्हती.

आधीच गोल चकत्या पाडलेलं हॅमही होतं, पण ते मी मुद्दाम टाळलं. हाडाभोवती सलग चकत्या पाडणारं यंत्र डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलार यांनी तयार केलं आणि त्याचं पेटंट त्यांना १९५२ साली मिळालं. कल्पना मोठी सुंदर आहे, कापायचं सगळं कामच वाचतं. पण घरच्या ओव्हनमध्ये त्या प्रत्येक फटीतून वाफ निघून जाते आणि चकत्यांच्या कडा वाळतात. एकदा कोरडं हॅम वाढून झाल्यावर मला तो धोका पत्करायचा नव्हता.

हॅम गोठवलेलं होतं. ते फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवून अडीच दिवस सुटू दिलं. दर दोन किलोंना एक दिवस धरायचा असा हिशेब आहे. मी अर्धा दिवस जास्त ठेवला, कारण हाडाजवळचा भाग सगळ्यात शेवटी सुटतो. ओट्यावर उघडं ठेवून लवकर सुटतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आतला गोळा बर्फच असतो तोवर बाहेरचा थर तासन् तास कोमट पडून राहतो, आणि जंतूंना तेच हवं असतं.

नाताळच्या सकाळी मी उलटा हिशेब मांडला. जेवायला दीड वाजता बसायचं. कापायला पाऊण वाजल्यानंतर कधीही, त्याआधी वीस मिनिटं विसावा. ग्लेझचा शेवटचा टप्पा पंचवीस मिनिटांचा. त्याआधी मंद आचेवर किलोमागे चाळीस ते पन्नास मिनिटं. सगळं धरून नऊला हॅम ओव्हनमध्ये जायला हवं होतं. चार-सहा मिनिटांचा उशीर झाला, पण तेवढी सवड मी ठेवलीच होती.

पाकीट फोडल्यावर हॅम थंड पाण्याखाली धरून धुतात असं काही ठिकाणी वाचलं होतं. मी ते केलं नाही. त्या पाण्याचे शिंतोडे ओटाभर उडतात, आणि तसंही ते तापणारच असतं. कागदी रुमालाने कोरडं करून घेतलं. तेव्हा एक गोष्ट हाताला लागली. कापलेल्या बाजूला हाडाच्या तोंडावर एक छोटी, पारदर्शक प्लास्टिकची चकती घट्ट चिकटलेली होती. हाडाच्या टोकाने पाकीट फाटू नये म्हणून ती बसवलेली असते. हॅमच्या ओलसर चकाकीत ती दिसतच नाही. मी बोट फिरवलं म्हणून कळलं. नखाने उचकटून काढली. गेल्या वर्षी मी ती काढली होती का, हे मला आजही आठवत नाही, आणि तो विचार आला की अंगावर काटा येतो.

खोल ट्रेमध्ये हॅम कापलेली बाजू खाली करून ठेवलं. रस निघून जातो तो मुख्यतः त्या कापलेल्या तोंडातून, म्हणून ते ट्रेच्या बुडाशी टेकलेलं बरं. ट्रेमध्ये एक कप पाणी आणि अर्धा कप संत्र्याचा रस घातला. वरून फॉइलचे दोन पदर, कडा ट्रेच्या काठावर दाबून घट्ट बसवल्या. आत वाफ कोंडून राहायला हवी. ओव्हन १६३ अंशांवर ठेवला आणि दार लावलं.

दहाच्या सुमारास ताई आली. तिने ओव्हनच्या काचेतून बघितलं आणि काट्याकडे बोट दाखवलं.

“अरे, इतका मंद का ठेवलायस? जेवायच्या वेळेला होईल ना?”

“होईल गं. शिजलेलंच आहे ते. आपल्याला फक्त आतपर्यंत गरम करायचंय.”

“आणि रंग? असा पांढुरकाच वाढणार?”

“रंग शेवटी. आधी गरम, मग रंग.”

ताईला हे पटायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर मलाही वर्षभर लागला होता. आपल्या मनात भाजणं म्हणजे एकच काम असतं. हॅमच्या बाबतीत ती दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांना लागणारी आच एकमेकींच्या विरुद्ध आहे. आतल्या मांसाला मंद आच हवी. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे मांसाचे तंतू आक्रसायला लागतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून निघतं. हॅम कारखान्यात एकदा त्यातून गेलेलं असतं. दुसऱ्यांदा ओढलं तर हाती चिंध्याच येतात. वरच्या ग्लेझला मात्र जोरदार, कोरडी आच हवी, कारण साखर वितळून, घट्ट होऊन, तपकिरी होऊन चरबीला चिकटायची असते. ही दोन्ही कामं एकाच वेळी करायला गेलं की माझ्या पहिल्या हॅमसारखं होतं. साखर तीन-चार तास ओव्हनमध्ये टिकत नाही.

ग्लेझ मी साडेदहाला केलं. २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, तीन मोठे चमचे मध, दोन मोठे चमचे मस्टर्ड, दोन मोठे चमचे सफरचंदाचं व्हिनेगर, अर्धा कप संत्र्याचा रस, चिमूटभर लवंगपूड आणि भरपूर मिरपूड. मीठ अजिबात नाही. हॅममध्ये ते आधीच भरपूर असतं. सगळं छोट्या पातेल्यात घालून मध्यम आचेवर ढवळत राहिलो. आधी फेस वर येतो आणि पातेल्याच्या काठापर्यंत चढतो, तेव्हा गॅस कमी करायचा. मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. आठव्या-नवव्या मिनिटाला चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ तशीच राहिली, तेव्हा गॅस बंद केला. पाक एकतारी होण्याच्या जरा अलीकडेच थांबलो, कारण गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. फार आटवला तर ब्रशने पसरत नाही, आणि पातळ राहिला तर हॅमवरून घसरून सगळा ट्रेमध्ये जातो.

व्हिनेगर आणि मस्टर्ड कमी करू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. साखर आणि मध नुसते चढवले तर दुसऱ्या घासाला तोंड गोड-गोड होतं. खारट मांस, गोड कवच आणि मध्ये आंबट-तिखट धार, अशी तिन्ही असतील तरच माणूस पुन्हा घेतो. मधातली एक साखर, फ्रुक्टोज, साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला रंग धरते. म्हणून मध असलेलं ग्लेझ चटकन चमकतं आणि तितक्याच चटकन करपतंही. मध घालायचाच, पण ओव्हनपासून हलायचं नाही.

साडेअकराला पहिल्यांदा थर्मामीटर खुपसला. आकडा ६१ आला. माझ्या पोटात गोळा आला. इतक्या लवकर ६१ म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत ते पुन्हा कोरडं होणार, गेल्या वर्षीचीच गत. हात ओव्हन बंद करायला पुढे गेला होता. मग ताई म्हणाली, “हाडाला तर नाही ना लागलाय?” थर्मामीटर काढला आणि बाजूने, हाडापासून दोन बोटं दूर, सगळ्यात जाड भागात खुपसला. ४४. दुसऱ्या बाजूने ४६. टोक हाडाला टेकलं की दिसतो तो आकडा मांसाचा नसतो. तेव्हापासून मी दर वेळी दोन ठिकाणी बघतो आणि खालचा आकडा खरा मानतो.

बारा वाजून दहा मिनिटांनी दोन्हीकडे ५३-५४ दिसलं. ट्रे बाहेर काढला, फॉइल अलगद उचलली. फॉइल आपल्याकडून पलीकडे उघडा, नाहीतर वाफ थेट तोंडावर येते. आता कातडी.

सगळ्या हॅमला कातडी नसते. माझ्या हॅमला नडगीच्या टोकापासून अर्ध्यापर्यंत होती, जाड आणि चामड्यासारखी. गार असताना ती सोडवायला गेलं तर चरबीसकट उखडते. गरम झाल्यावर मात्र खालची चरबी मऊ होते आणि कातडी स्वतःहून सैल पडते. रुंद टोकाशी सुरीने एक चीर दिली, तिच्याखाली दोन बोटं सरकवली आणि सावकाश आत ढकलत गेलो. गरम असल्याने मधे मधे बोटं काढून फुंकर मारावी लागली. मऊ, ओलसर आवाज करत कातडी सुटत आली, एका तुकड्यात, पार नडगीच्या टोकापर्यंत. तिथे सुरीने गोल कापून टाकली. खाली चरबीचा पांढराशुभ्र, गुळगुळीत थर उघडा पडला. जिथे तो जाड होता तिथे तासून साधारण अर्धा सेंटिमीटर ठेवला. चरबी पूर्ण काढायची नाही. ग्लेझ तिलाच धरून बसतं, आणि खालच्या मांसाला तीच जपते.

मग चौकटी. टोकदार सुरीने तिरप्या रेघा, बोटाच्या दोन पेरांइतक्या अंतरावर, मग त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या बाजूने. चरबी कापायची, मांस नाही. सुरी किती खोल चाललीय हे हाताला कळतं. चरबीत ती लोण्यातून गेल्यासारखी जाते आणि मांस लागलं की किंचित अडते. त्या अडण्याआधी थांबायचं. मांस कापलं गेलं तर तापताना ती चीर उघडते आणि रस तिथून निघून जातो. या रेघा नुसत्या शोभेच्या आहेत असं मला पूर्वी वाटायचं. पण चरबी त्यांच्यातूनच वितळून बाहेर येते आणि ग्लेझ त्यांच्यातच उतरून बसतं.

जिथे दोन रेघा मिळतात तिथे एक-एक लवंग टोचली. हे काम भाच्याला दिलं होतं. त्याने प्रत्येक लवंगेचं फूल नीट बघून घेतलं आणि ज्यांचं डोकं तुटलेलं होतं त्या बाजूला काढल्या. साठ-एक लवंगा लागल्या. त्याने एकही रांग वाकडी होऊ दिली नाही, आणि ते हॅम तेव्हाच, ग्लेझ लागायच्या आधीच, सणासारखं दिसायला लागलं.

ओव्हन २०० अंशांवर नेला. ट्रेमध्ये आणखी अर्धा कप पाणी घातलं. हे विसरू नका. ग्लेझचे थेंब कोरड्या ट्रेवर पडले की दोन मिनिटांत कोळसा होतात, त्यांचा धूर ओव्हनभर कोंडतो आणि हॅमला कडू वास लागतो. ब्रशने ग्लेझचा पहिला हात दिला, पातळच. बारा पस्तीसला हॅम परत आत, या वेळी फॉइलशिवाय. आठ मिनिटांनी दुसरा हात. पुन्हा आठ मिनिटांनी तिसरा. एकदम जाड थर दिला तर तो सरकून खाली येतो. पातळ थर एकावर एक बसले तर लाखेसारखी चकाकी येते.

त्या पंचवीस मिनिटांत मी ओव्हनसमोरून उठलो नाही. स्टूल ओढून काचेसमोर बसलो. पहिल्या थराने नुसती ओली चमक आली. दुसऱ्यानंतर चौकटींच्या कडा जरा उचलल्या गेल्या आणि त्यांना सोनेरी काठ आला. तिसऱ्यानंतर मधोमध बारीक बुडबुडे फुटू लागले, रंग मधाचा होता तो गुळाच्या काकवीकडे सरकला. आमचा ओव्हन मागच्या डाव्या कोपऱ्यात जास्त तापतो. तिथल्या दोन चौकटी इतरांच्या पुढे गेल्या, तेव्हा दार उघडून ट्रे फिरवला आणि त्या दोन चौकटींवर फॉइलचा छोटा तुकडा टाकला. गेल्या वर्षी कवच करपलं तेव्हा मी दिवाणखान्यात पाहुण्यांशी बोलत होतो.

एक वाजता बाहेर काढलं. थर्मामीटर ६० दाखवत होता. सैल फॉइल वर ठेवली, घट्ट नाही, नाहीतर वाफेने ग्लेझ पुन्हा ओलं होतं. वीस मिनिटांत आकडा आपोआप ६३ वर गेला. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते, म्हणून आणखी थोडा वेळ ठेवायचा मोह आवरायचा. याच वेळात रसही मांसात परत मुरतो. लगेच कापलं असतं तर तो सगळा पाटावर वाहून गेला असता.

त्या वीस मिनिटांत ट्रेमधला रस गाळून घेतला आणि वर आलेली चरबी चमच्याने काढली. चाखून बघितलं तर मिठाचा खडा जिभेवर ठेवल्यासारखं. त्याच्या दुप्पट गरम पाणी घातलं, उरलेल्या ग्लेझमधले दोन चमचे आणि थोडं व्हिनेगर घालून एक उकळी काढली. हे वाटीत वेगळं ठेवायचं, हॅमवर ओतायचं नाही. मेहनतीने आणलेलं कवच त्याने मऊ पडतं.

कापण्याआधी लवंगा काढल्या. एकूण एक. भाच्याला वाईट वाटलं, पण एखाद्याच्या दाताखाली अख्खी लवंग आली तर पुढचे चार घास त्याला दुसरी चव लागत नाही. हॅम आडवं, सपाट बाजूवर ठेवलं. लांब, पातळ पात्याच्या सुरीने वरून सरळ खाली, हाडाला लागेपर्यंत, अशा चकत्या कापत गेलो, तीन-चार मिलिमीटरच्या. बारा-पंधरा झाल्यावर सुरी हाडाला समांतर आडवी घातली आणि एका ओढीत त्या सगळ्या सुटल्या. मांसाचे धागे आडवे कापले जात असल्याने चकती तोंडात आपोआप सुटी होते. आत्यासाठी मी मुद्दाम आणखी पातळ कापल्या, प्रकाशासमोर धरल्या तर गुलाबी दिसतील इतक्या.

बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून त्यांच्या बशीत दोनच चकत्या गेल्या आणि वाटीतला रस नाही. माझ्या हॅमच्या लेबलावर १०० ग्रॅमला १ ग्रॅमपेक्षा जास्त सोडियम लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून २ ग्रॅमपेक्षा कमी घ्यावं. शिवाय २०१५ साली याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातलं. हॅम त्यातच येतं. आमच्याकडे ते वर्षातून एकदा होतं आणि एकदाच व्हावं असं मला वाटतं. सोबत बिनमिठाचे उकडलेले बटाटे, हिरव्या भाज्या आणि आंबट सफरचंदांचा लगदा ठेवला होता. बाजूचे पदार्थ अळणी आणि आंबटच हवेत. सगळंच खारट-गोड असलं तर हॅमचं काही वाटत नाही.

आत्याने पहिला घास घेतला तेव्हा मी दुसऱ्यांना वाढत होतो, पण लक्ष तिच्याकडे होतं. तिने चावला, गिळला, पाणी प्यायली नाही. मग काट्याने कवचाचा तुकडा वेगळा करून नुसता खाल्ला. थोड्या वेळाने तिने बशी माझ्याकडे सरकवली.

“अरे, त्या कडेकडचं दे एक. जरा करपल्यासारखं दिसतंय ना, ते.”

मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या दोन चौकटी होत्या. मी तिला दोन्ही दिल्या.

तीनच्या आत उरलेलं हॅम टेबलावरून हललं. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हा नियम मी गप्पांसाठीही मोडत नाही. हाडावरचं सगळं मांस सोडवून उथळ डब्यांत भरलं, म्हणजे ते लवकर गार होतं. एक डबा फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचा. दुसरा फ्रीझरमध्ये, तारीख लिहून. तिथे ते सुरक्षित कितीही दिवस राहिलं तरी दोनेक महिन्यांनी त्याची चव उतरते. चकत्या पुन्हा गरम करताना झाकण आणि चमचाभर पाणी लागतंच, नाहीतर आदल्या दिवशी वाचवलेला रस दुसऱ्या दिवशी जातो.

हाड राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या पातेल्यात घातलं, वाटाण्याची सुकी डाळ, एक कांदा, दोन गाजरं, तेजपान आणि भरपूर पाणी घालून मंद आचेवर दोन तास ठेवलं. डाळ विरघळून दाट झाली आणि हाडाला चिकटलेले शेवटचे तुकडे आपोआप सुटून वर आले. ताई मिठाचा डबा घेऊन उभी होती. मी म्हणालो, आधी चाखून बघ. तिने चमचा तोंडात घातला, मान हलवली आणि डबा परत फळीवर ठेवला.